गाळलेली ओळ

"थांब. मध्ये काहीतरी राहिलं."

मी पुस्तकातून मान वर केली. बाबा खुर्चीत नेहमीसारखे मान थोडी तिरकी करून बसले होते. डोळ्यांतल्या मॅक्युलाची, म्हणजे आतल्या पडद्याच्या मधल्या भागाची, झीज झाल्यापासून ते असेच बसतात. दृष्टीचा मधला भाग गेलाय, कडेचा शाबूत आहे. घरात वावरताना ते कशाला धडकत नाहीत, पण माझ्याकडे सरळ पाहिलं तर चेहऱ्याच्या जागी त्यांना नुसता राखाडी डाग दिसतो. म्हणून ते माझ्या कानाकडे बघून माझ्याशी बोलतात.

"काही राहिलं नाही, बाबा. पुढे वाचू?"

"आत्ता ती बाई दार ओढून बाहेर पडली ना? आणि आता घरातल्या खिडकीतून पाऊस बघतेय. मग ती परत आत कधी आली?"

मी ओळीवर बोट ठेवून मागे गेले. किल्ली विसरली म्हणून ती परत फिरली, असं एक छोटं वाक्य तिथे होतं. मी ते वाचलंच नव्हतं. खरी गोष्ट तर पुढेच आहे. ही कादंबरी मी याआधी तीन वेळा वाचली होती, कितीतरी जणांना आवर्जून वाचायला दिली होती. आणि ती बाई किल्लीसाठी परत आली होती, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.

मी लहानपणापासून पुस्तकांत वाढले. वर्षाला किती पुस्तकं होतात याची वही ठेवणाऱ्यांतली मी. बाबांचं तसं नाही. ते कारखान्यात फिटर होते. त्यांचं वाचन म्हणजे वर्तमानपत्र आणि यंत्रांसोबत येणारी माहितीपत्रकं, तीही अक्षरावर अक्षर लावत, सावकाश. घरात वाचणारी कोण, तर मी, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मीसुद्धा. डोळे गेल्यावर मी त्यांना रोज संध्याकाळी वाचून दाखवायला लागले, तेव्हा आपण त्यांना काहीतरी देतोय याच भावनेने बसत होते. पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला पाच-सहा वेळा थांबवलं आणि प्रत्येक वेळी त्यांचंच बरोबर निघालं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांचा आजार समजावून सांगितला होता, त्यानंतर मी वाचताना डोळे नेमकं काय करतात ते मुद्दाम शोधून वाचलं. आपल्याला वाटतं, नजर ओळीवरून सरळ सरकत जाते. प्रत्यक्षात ती उड्या मारते. एका जागी सुमारे पाव सेकंद थांबते, मग झटक्यात पुढे. उडीच्या त्या क्षणात वाचण्याजोगं काही दिसतच नाही. थांबलेल्या नजरेलाही स्पष्ट ओळखता येतात ती मोजकी अक्षरं, कारण बारकावे टिपण्याचं काम डोळ्यातल्या पडद्याचा अगदी मधला, इवलासा भाग करतो. बाबांचा नेमका तोच गेला. म्हणून त्यांना समोरचा रस्ता दिसतो, झाड दिसतं, पण त्या झाडावर लावलेली पाटी वाचता येत नाही.

इंग्रजी वाचणाऱ्यांच्या नजरेचा माग काढणारे पुष्कळ अभ्यास झालेत. सराईत वाचकाची नजर साधारण तीनातल्या एका शब्दावर थांबतच नाही, आणि तिच्या १० ते १५ टक्के उड्या मागच्या दिशेने असतात, निसटलेलं पुन्हा धरण्यासाठी. हे गाळणं म्हणजे आळस नव्हे. पुढे काय येणार याचा अंदाज मेंदू बांधत असतो आणि बहुतेक वेळा तो खरा ठरतो. जितकं जास्त वाचावं तितका अंदाज पक्का होत जातो, वेग वाढतो. मार्क ब्रिसबार्ट या संशोधकाने २०१९ साली १९० अभ्यास एकत्र करून इंग्रजी वाचनाचा सरासरी वेग काढला. मनातल्या मनात माहितीपर मजकूर मिनिटाला सुमारे २३८ शब्द, कथा-कादंबरी २६०, आणि मोठ्याने वाचताना १८३. म्हणजे तोंड उघडलं की वेग सुमारे पाव हिश्शाने कमी होतो.

त्या उतरलेल्या वेगात मला माझीच आवडती पुस्तकं नव्याने भेटली. मनात वाचताना मी निसर्गवर्णनं ओलांडून जात होते. संवाद आला की नजर धावत सुटायची. लांब वाक्यातलं पोटवाक्य, ज्यात लेखकाने हळूच आपली शंका ठेवलेली असते, ते माझ्या हाती कधी लागलंच नव्हतं. मोठ्याने वाचताना मात्र प्रत्येक शब्दाला जिभेवरून जावं लागतं. कुठे श्वास घ्यायचा हे ठरवायचं तर वाक्य कुठे वळतंय ते कळलेलं असावं लागतं. आणि समोर बसलेला माणूस ते वाक्य पहिल्यांदाच ऐकत असतो. त्याला मागे उडी मारता येत नाही.

मी एकदा त्यांना म्हटलं होतं, फोनवर ऑडिओबुक लावून देते, छान आवाजात असतात. त्यांनी दोन दिवस ऐकून पाहिलं. मग म्हणाले, "त्याला थांब म्हणता येत नाही." बटण कुठे असतं ते मी दाखवलं. ते हसले, पण पुन्हा काही लावलं नाही. त्यांना काय म्हणायचं होतं ते कळायला मला बराच काळ लागला.

'वाचन' हा शब्द 'वच्' धातूवरून आलाय. वच् म्हणजे बोलणं. त्यातल्या प्रयोजकाचा अर्थ पाहिला तर वाचन म्हणजे बोलायला लावणं: अक्षरं गप्प असतात, वाचणारा त्यांना बोलतं करतो. जुन्या काळी वाचणं बहुतेक वेळा आवाजीच असायचं. चौथ्या शतकात ऑगस्टीन या ख्रिस्ती विचारवंताने मिलानचा बिशप अँब्रोज याला वाचताना पाहिलं. डोळे पानावरून फिरतायत, पण आवाज नाही, जीभ हलत नाही. हे त्याला इतकं वेगळं वाटलं की त्याने ते मुद्दाम नोंदवून ठेवलं. ते तेव्हा किती दुर्मीळ होतं यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण त्या नोंदीतलं नवल खरं आहे. आपल्याकडच्या जुन्या पोथ्याही सलग लिहिलेल्या असायच्या, शब्दांमध्ये जागा न सोडता. तसं लिखाण डोळ्यांनी भरभर कापत जाता येत नाही. तोंडाने म्हणून पाहिलं की शब्द कुठे तुटतो ते कानाला कळतं.

आणि पुष्कळ जाणणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत काय म्हणतात? बहुश्रुत. ज्याने खूप ऐकलंय तो. हा शब्द मी शाळेपासून वापरत आले आणि त्यातला 'श्रुत' मला कधी ऐकू आला नव्हता.

वाचन आणि ऐकणं यांचं नातं शिकण्याच्या पातळीवरही असंच घट्ट आहे. फिलिप गफ आणि विल्यम टन्मर या दोघांनी १९८६ साली एक अगदी साधं सूत्र मांडलं. वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा ऐकून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. अक्षरं खडाखड वाचणारं पण अर्थ न लागणारं मूल आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याला अक्षरांचा आणखी सराव देऊन उपयोग नसतो. त्याच्याशी बोलायला हवं, त्याला गोष्टी सांगायला हव्यात. उलट दिशेनेही रहदारी चालते. डोनाल्ड हेझ आणि मार्गारेट आहरेन्स यांनी १९८८ साली दुर्मीळ शब्दांची मोजणी केली. मुलांच्या छापील पुस्तकांत हजारामागे सुमारे ३१ दुर्मीळ शब्द निघाले, तर कॉलेज शिकलेल्या मोठ्या माणसांच्या आपापसातल्या बोलण्यात फक्त १७. शिकलेली माणसं एकमेकांशी बोलतात त्यापेक्षा मुलांच्या पुस्तकात भाषा जास्त श्रीमंत असते. हे वाचल्यापासून ओळखीच्या घरात लहान मूल आलं की मी खेळण्याऐवजी पुस्तक नेते, आणि ते नुसतं हातात न देता एकदा बसून वाचून दाखवते.

पण मला आज सांगायचंय ते बाबांबद्दल.

फिटरचं काम हातांचं, असं आपल्याला वाटतं. बाबा म्हणतात, निम्मं काम कानांचं. चालू यंत्राचं बेअरिंग कसं आहे हे बघायला ते उघडून बसता येत नाही. मग लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. आजूबाजूचा गोंगाट बाजूला राहतो आणि त्या एका बेअरिंगचा आवाज थेट डोक्यात येतो. ग्रीस सुकलं असेल तर ते किंचाळतं. आतल्या गोळ्यांच्या वाटेवर खड्डा पडला असेल तर ठरावीक अंतराने टक्, टक्, टक् असं वाजतं. नवीन पोरं लगेच सांगायची, "ठीक आहे" किंवा "गेलंय". बाबांचे उस्ताद त्यांना आधी पूर्ण मिनिटभर ऐकायला लावायचे. काही बिघाड लोड बदलल्याशिवाय बोलत नाहीत.

अशा आवाजात वर्षानुवर्षं काढल्याने बाबांचे कानही थोडे गेलेत. आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म रोमपेशी असतात; एका कानात साधारण १५ हजार. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सतत गोंगाटात राहणाऱ्याच्या वरच्या पट्टीतल्या आवाजांना आधी धक्का बसतो, म्हणून स, श, फ अशी अक्षरं बाबांना पुसट येतात. 'साल' आणि 'फाल' त्यांना सारखंच ऐकू येतं. आणि तरीही गाळलेली ओळ त्यांना सापडते. कानावर पडणं त्यांचं माझ्यापेक्षा कितीतरी कमी आहे. ऐकणं मात्र जास्त आहे. पुसट आलेला प्रत्येक शब्द ते मागच्यापुढच्याशी जोडून पाहतात, जुळला नाही तर थांबवतात. 'कान देणे' असं आपण म्हणतो ना, ते त्या संध्याकाळी मी समोर बसून पाहिलं. मी वाचत असताना त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर स्थिर असतात. वाक्य लांबलं तर बोट किंचित उचललेलं राहतं आणि पूर्णविराम आला की खाली टेकतं.

वाचून झालं की ते कधी कधी आपलं काहीतरी सांगायला लागायचे. गोष्टीतल्या एखाद्या शब्दावरून त्यांचं मन कुठेतरी जायचं.

"आमच्याकडे एक ब्लोअर होता," एकदा त्यांनी सुरुवात केली. "रात्रपाळी होती. मी जाता जाता सहज स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर आत..."

"हो, तुम्ही नुसत्या आवाजावरून बेअरिंग ओळखलं होतं ना! आणि इनचार्जला जाऊन सांगितलं होतं."

"हो. तसंच काहीतरी," बाबा म्हणाले. आणि उठून पाणी प्यायला गेले.

ही आमच्या घरातली अभिमानाची गोष्ट. मी ती मैत्रिणींना सांगितली होती, शाळेत निबंधात लिहिली होती. बाबांच्या तोंडून मी ती किती वेळा ऐकली असेन असं मला कुणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं, शंभर वेळा. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला जाणवलं की ती मी एकदाही शेवटपर्यंत ऐकलेली नाही. दर वेळी तिचा शेवट मीच करते. आणि दर वेळी ते म्हणतात, तसंच काहीतरी.

पुस्तकांनी मला अंदाज बांधायला शिकवलं, असं मी वर म्हटलं. माझं ऐकणं तिथेच बिघडलं. सराईत वाचक वाक्याचा शेवट आधीच हेरतो. पुस्तकात त्याने काही बिघडत नाही, कारण अंदाज चुकला तर पुढची ओळ लगेच दुरुस्त करते. छापलेलं वाक्य माझ्यासाठी बदलत नाही. माणूस दुरुस्त करत नाही. तो "तसंच काहीतरी" म्हणतो आणि पाणी प्यायला उठतो. आपण बरोबर ओळखलं असं समजून आपण खूश राहतो, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं आपल्या ध्यानातही येत नाही.

मी एकटीच अशी आहे असं नाही. १९८४ साली हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी डॉक्टर आणि रुग्ण यांच्या ७४ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं. रुग्ण काय होतंय ते सांगायला लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये बोलले होते. आपलं म्हणणं पूर्ण सांगता आलं ते फक्त २३ टक्के भेटींत. आता कुणी म्हणेल, बोलू दिलं तर माणसं थांबतच नाहीत. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या विद्यापीठ रुग्णालयात नेमकं हेच मोजलं गेलं आणि ते निष्कर्ष २००२ साली छापून आले. डॉक्टरांना मध्ये न बोलण्याचं शिकवलं होतं. ३३५ रुग्ण आपण होऊन सरासरी किती बोलले? ९२ सेकंद. दर १०० मधले ७८ जण दोन मिनिटांच्या आत थांबले. ९२ सेकंद! तेवढ्यात मोठ्याने वाचलं तर पुस्तकाचं जेमतेम एखादं पान होतं. एखाद्याला त्याचं दुखणं मनासारखं सांगू द्यायला इतकाच वेळ लागतो, आणि तोही आपण देत नाही.

संभाषणाची घडणच आपल्याला घाई करायला लावते, हेही खरं. वेगवेगळ्या खंडांतल्या दहा भाषांचा एकत्र अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंतची फट दहाही भाषा मिळून सरासरी एक पंचमांश सेकंदाच्या आसपास निघाली. पण तोंडातून एक साधा शब्द काढायचा तरी मेंदूला त्याच्या तिप्पट वेळ तयारी लागते. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण आपलं वाक्य जुळवायला घेतलेलं असतं. त्याचा शेवटचा भाग आपण अर्ध्या कानानेच ऐकतो. आणि माणसं मनातलं खरं बऱ्याचदा शेवटीच बोलतात, उठता उठता, दाराशी, चप्पल घालताना.

मिनेसोटा विद्यापीठात राल्फ निकोल्स यांनी ऐकण्यावर बरीच वर्षं काम केलं. १९५७ साली त्यांनी लिहिलं की भाषण ऐकून झाल्याबरोबर विचारलं तर माणसाला जवळपास निम्मंच आठवतं, मग त्याला आपण कितीही लक्ष देऊन ऐकलं असं वाटत असो. दोन महिन्यांनी पाव हिस्सा उरतो. कारण त्यांनी सांगितलं ते मला पटतं. बोलण्याचा वेग मिनिटाला १२५ शब्दांच्या आसपास, विचारांचा त्याहून कितीतरी जास्त. मधला रिकामा वेळ मनाला फिरायला मिळतो. बाबा तोच रिकामा वेळ वापरून 'मग ती आत कधी आली' हे तपासत असतात. मी तो माझं पुढचं वाक्य घडवण्यात घालवत होते.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त लागलेला प्रयोग कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातला आहे. जेनेट बावेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. एकाने आपल्यावर ओढवता ओढवता टळलेल्या प्रसंगाची गोष्ट सांगायची, दुसऱ्याने ऐकायची. काही ऐकणाऱ्यांना गुपचूप एक काम दिलेलं होतं: सांगणाऱ्याच्या बोलण्यात टी अक्षराने सुरू होणारे शब्द मोजा. ते समोर बसले होते, बघत होते, मान हलवत होते. पण योग्य जागी दचकणं, 'अरे बापरे' निघणं थांबलं. आणि त्याचा परिणाम सांगणाऱ्यावर झाला. त्याला आपली स्वतःची, स्वतः भोगलेली गोष्ट नीट सांगता येईना. विशेषतः शेवट. जिथे गोष्ट रंगायची तिथेच ती अडखळली, गुंडाळली गेली.

हे वाचून मी पुस्तक मिटून बसले. एखाद्याला गोष्ट नीट सांगता येत नाही, तो रटाळ बोलतो, असं आपण किती सहज म्हणून टाकतो. बाबांबद्दलही घरात असंच म्हटलं जायचं: त्यांना सांगता येत नाही, त्यांचं काम बोलतं. त्यांच्या गोष्टींचे शेवट आम्ही खाल्ले होते.

मराठीत 'ऐकणं' या शब्दाची एक अडचण आहे असं मला वाटतं. 'तो कुणाचं ऐकत नाही', 'मोठ्यांचं ऐकावं', 'ऐक माझं'. इथे ऐकणं म्हणजे मान्य करणं, सांगितलं तसं वागणं. लहानपणापासून हाच अर्थ कानीकपाळी पडतो, त्यामुळे ज्याचं पटत नाही त्याचं नुसतं शेवटपर्यंत ऐकून घेतलं तरी आपण हरलो असं वाटतं. म्हणून आपण मध्येच तोडतो. इथे मला पुस्तकांचे उपकार मानावेसे वाटतात. कादंबरीत मी कितीतरी माणसांसोबत चारचारशे पानं राहिलेय, जी प्रत्यक्षात भेटली असती तर मी पाच मिनिटांत त्यांच्याशी भांडले असते. तिथे मला त्यांना सल्ला देता येत नव्हता. 'अगं, मग तू सरळ सांगून का टाकत नाहीस' असं म्हणायची सोय नव्हती. ती माणसं चुकत होती, मी पान उलटत होते, आणि शेवटाला पोचेपर्यंत ती का चुकली ते मला कळलेलं असायचं. त्यांचं पटलं नाही तरी. हे करता येतं, हे मला पुस्तकांमुळे ठाऊक होतं. फक्त ते पुस्तकाबाहेर करायचं राहून गेलं होतं.

मग मी आधी वाचण्यातच बदल केला. रोजचं थोडं वाचन, बाबा समोर नसतानाही, मोठ्याने. पुस्तकांच्या संख्येची वही बंद केली. एखादा लेखक आवडत नसेल तर निदान त्याचं एक प्रकरण मनात उत्तरं न देता वाचायचं आणि मग त्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत स्वतःला सांगून पाहायचं. हे फार अवघड जातं. पहिल्या प्रयत्नात मी दर वेळी त्याच्या तोंडी जरा जास्तच मूर्ख वाक्य घालते.

माणसांशी बोलताना त्याहून साधी गोष्ट केली. समोरचा थांबला की मनात दोन आकडे मोजायचे. बहुतेक वेळा तो थांबलेला नसतो, श्वास घेत असतो. आणि सल्ला जिभेवर आला की त्याच्या जागी 'मग?' म्हणायचं. एक मैत्रीण कितीतरी महिन्यांपासून आईच्या आजारपणाचं सांगत होती आणि मी तिला डॉक्टर, औषधं, दिनक्रम सुचवत होते. पहिल्यांदा मी नुसतं 'मग?' म्हटलं तेव्हा ती जराशी गोंधळली. मग म्हणाली, "मग काही नाही. मला तिचा राग येतो, आणि राग आल्याची लाज वाटते." एवढं एक वाक्य तिला बोलायचं होतं. माझ्या सूचनांच्या गर्दीत त्याला बाहेर यायला वाट मिळत नव्हती.

बाबांची गोष्ट यायला मात्र बराच काळ गेला. ज्याला इतकी वर्षं तोडलं, तो दोन संध्याकाळी गप्प बसलं म्हणून लगेच बोलत नाही. मी वाचत राहिले. ते थांबवत राहिले. एका कथेत कुणीतरी अंधारात जिना चढत होतं, आणि ओळ संपल्यावर बाबांचं बोट खाली टेकलं नाही. मी वाचायचं थांबले.

"तो ब्लोअर," ते म्हणाले.

मी काही बोलले नाही.

"मी आवाज ऐकला होता. टक् टक् नव्हतं. सुकल्यासारखं किंचाळतही नव्हतं. मध्येच एक ठोका चुकल्यासारखा, मग बराच वेळ काही नाही. असा आवाज मी आधी ऐकलाच नव्हता, त्यामुळे त्याला काय म्हणायचं ते मला कळेना. इनचार्जकडे गेलो. तो रजिस्टर लिहीत होता. मी म्हटलं, साहेब, त्या ब्लोअरच्या बेअरिंगला... आणि शब्द शोधत होतो. तो वर न बघता म्हणाला, ग्रीस संपलंय ना? सकाळी मारू."

बाबा थांबले. मी मनात दोन मोजले. चार मोजले.

"मी म्हटलं, हो. तसंच काहीतरी."

पहाटे बेअरिंग जाम झालं, बेल्ट तुटून उसळला. बेल्टवरचा गार्ड, म्हणजे संरक्षक झाकण, साफसफाईसाठी काढलेला होता. बाबांचा जोडीदार बाजूने चालला होता. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

म्हणजे आमच्या अभिमानाची गोष्ट ही होती. बाबांनी आवाज ओळखला, इनचार्जला सांगितलं, इथपर्यंत सगळं खरंच होतं. मला बोलावंसं वाटत होतं. तुमची काही चूक नव्हती, असं काहीतरी. ते वाक्य पूर्ण तयार होऊन ओठांशी आलं होतं, आणि ते त्यांच्यापेक्षा माझ्यासाठी जास्त होतं हेही मला तिथल्या तिथे कळलं. मी पुस्तक मांडीवर उलटं ठेवून बसून राहिले. खोलीत घड्याळ वाजत होतं. गोष्ट संपली असं मला वाटलं होतं.

बऱ्याच वेळाने ते माझ्या कानाकडे बघत म्हणाले, "तो नंतर डाव्या हाताने लिहायला शिकला. मला पत्र पाठवलं होतं. लोखंडी कपाटात, कागदपत्रांच्या फाइलीखाली आहे. वाचतेस?"

पत्र वहीच्या कागदावर होतं, घड्यांवर झिजलेलं. अक्षरं मोठी, एकमेकांपासून लांब लांब, सगळी डावीकडे कललेली. मी दिव्याखाली बसले आणि तारखेपासून वाचायला सुरुवात केली, प्रत्येक शब्दावर थांबत. तिसऱ्या ओळीला मी मान वर केली. बाबांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.